स्पीकर ड्रायव्हरची एक्सकर्शन-मर्यादा: रिपोर्टमधले आकडे वाचताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एक्सकर्शन म्हणजे कोनची मधल्या जागेपासूनची आत-बाहेर हालचाल, आणि तिच्या मर्यादेचा डेटाशीटवरचा आकडा म्हणजे एक्समॅक्स. स्वतः बॉक्स बांधणारे, जुने वूफर दुरुस्त करून घेणारे आणि डेटाशीट उघडून डोकं खाजवणारे, अशा तिघांसाठी हे पान आहे. थील-स्मॉल पॅरामीटर्सची (ड्रायव्हरचं वागणं मांडणाऱ्या आकड्यांची) तोंडओळख असेल तर पुढचं सोपं जाईल. सगळीकडे एकच नमुना वापरला आहे: साडेसहा इंची वूफर, कोनचं क्षेत्रफळ 135 चौरस सेंटीमीटर, कॉइलची (कोनला जोडलेल्या तारेच्या वेटोळ्याची) उंची 14 मिमी, गॅपची (कॉइल जिच्यात हलते त्या चुंबकाच्या फटीची) उंची 6 मिमी. हा कुठल्या कंपनीचा माल नाही. हिशेब दाखवायला घेतलेला कागदी वूफर आहे.

एक्समॅक्स म्हणजे कोन त्यापुढे जाऊच शकत नाही असं का?

नाही. बहुतेक गैरसमज इथूनच सुरू होतात. एक्समॅक्सच्या जागी कुठलीही भिंत नसते. त्या आकड्याच्या अलीकडे अर्धा मिमी आणि पलीकडे अर्धा मिमी ऐकलंत तर फरक कळणारही नाही. कोन बाहेर-आत जाताना मोटरचा (मॅग्नेट आणि कॉइलचा) जोर हळूहळू घटतो, स्पायडर आणि सराऊंड (कोनला मागून आणि कडेने धरणारं सस्पेन्शन) हळूहळू ताठ होतात, कॉइलचा इंडक्टन्स (बदलत्या करंटला होणारा विरोध) बदलतो. या सगळ्या उतरत्या रेषा आहेत. त्यांवर कुणीतरी एका ठिकाणी खूण केली आणि म्हटलं, इथवर चालेल. ती खूण म्हणजे एक्समॅक्स.

म्हणून आकड्याआधी एक प्रश्न विचारायचा: खूण कोणी केली, आणि कशावर?

खरीखुरी भिंत वेगळी असते. तिला एक्समेक म्हणतात आणि तिच्याबद्दल पुढे येईलच.

डेटाशीटवर 5.5 मिमी आणि क्लिपेल रिपोर्टमध्ये 3.1 मिमी. खोटं कोण बोलतंय?

बहुधा कोणीच नाही. क्लिपेल रिपोर्ट म्हणजे मोठ्या हालचालीत ड्रायव्हर थेट मोजणाऱ्या यंत्रणेचा अहवाल. आपल्याच नमुन्यावर बघू.

कॉइल 14 मिमी, गॅप 6 मिमी. कॉइलचा 4 मिमी भाग गॅपच्या वर आणि 4 मिमी खाली. म्हणजे कोन कोणत्याही बाजूला 4 मिमी सरकेपर्यंत गॅप कॉइलने पूर्ण भरलेली राहते. हा जुना भूमितीचा हिशेब: उंचीतला फरक भागिले दोन. उत्तर 4 मिमी.

पण 4 मिमीनंतर जोर एकदम शून्य होत नाही, त्यामुळे काही कंपन्या त्यात गॅपच्या उंचीचा चौथा भाग मिळवतात. 6 चा चौथा भाग 1.5, म्हणून 5.5. काही कंपन्या तिसरा भाग मिळवतात, मग तोच वूफर 6 मिमीचा होतो. यात लबाडी नाही. गॅपचा चौथा भाग रिकामा झाला तर 75 टक्के गॅप भरलेली उरते, तिसरा भाग झाला तर 67 टक्के. जोर साधारण त्या प्रमाणात उरेल असा अंदाज. गॅपच्या वर-खाली पसरणारं चुंबकीय क्षेत्र आणि कॉइलची प्रत्यक्ष बसणी या हिशेबात धरलेलीच नसते.

क्लिपेलच्या रिपोर्टमध्ये मात्र एकाच ड्रायव्हरचे तीन-चार आकडे येतात. समजा आपल्या नमुन्याचे असे आले:

बीएल (करंटमागे मोटरचा जोर) 82 टक्क्यांवर उतरतो तिथे 4.6 मिमी.
सस्पेन्शनचा लवचीकपणा 75 टक्क्यांवर उतरतो तिथे 3.1 मिमी.
इंडक्टन्समुळे इम्पिडन्स (करंटला एकूण अडथळा) 10 टक्के बदलतो तिथे 3.9 मिमी.

यातला सगळ्यात छोटा आकडा ड्रायव्हरची मर्यादा ठरवतो, म्हणून 3.1. कंपनीचा 5.5 फक्त मोटरबद्दल बोलत होता, स्पायडरला त्यात विचारलंच नव्हतं. दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत.

फरक किती मोठा म्हणाल तर आवाजाच्या भाषेत 5 डेसिबल. दुर्लक्ष करण्यासारखा नाही, पण हा स्पीकर भंगार आहे असं म्हणण्यासारखाही नाही.

82, 75, 70, 50 हे आकडे आले कुठून?

थील यांचा बास-रिफ्लेक्स बॉक्सवरचा मूळ लेख 1961 चा, ऑस्ट्रेलियातला. स्मॉल यांनी तो धागा 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे नेला. पण ते सगळं गणित छोट्या हालचालींचं. कोन मिमीच्या अंशाने हलतो तेव्हा बीएल एकच, लवचीकपणा एकच. मोठ्या हालचालीत काय होतं यावर ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या 1984 च्या एईएस2 शिफारशीत एक व्याख्या होती: मोटरची रेषीयता 10 टक्क्यांनी ढळते तिथलं विस्थापन. ती मोजायच्या वाटा मात्र दोन दिल्या होत्या. करंटचं डिस्टॉर्शन (मूळ सुरात घुसलेला बिघाड) बघा, किंवा करंटच्या तुलनेत विस्थापन किती कमी पडतं ते बघा. दोन प्रयोगशाळांनी एकाच ड्रायव्हरची दोन प्रामाणिक उत्तरं द्यावीत अशी ही सोय.

पुढे ड्रेस्डेनच्या वोल्फगांग क्लिपेल यांनी मोठ्या हालचालीतले पॅरामीटर थेट मोजायची यंत्रणा उभी केली. आयईसी 62458 हे आंतरराष्ट्रीय मानक 2010 साली आलं, तेही याच मोठ्या हालचालीच्या मोजमापाबद्दल आहे. 82 टक्के बीएल आणि 75 टक्के लवचीकपणा या खुणा साधारण 10 टक्के डिस्टॉर्शनशी जुळाव्यात अशा बेताने निवडलेल्या आहेत. सबवूफरला खालच्या पट्टीत कान जास्त माफ करतो, म्हणून तिथे 70 आणि 50 ही सैल जोडी वापरतात, सोबत 20 टक्के डिस्टॉर्शन.

रिपोर्ट हातात आला की आधी ही जोडी बघा. 82-75 च्या कसोटीवरचा मिडबास आणि 70-50 च्या कसोटीवरचा सबवूफर शेजारी ठेवून 'याचा एक्समॅक्स जास्त' म्हणणं म्हणजे एकाचं वजन किलोत आणि दुसऱ्याचं पौंडात घेऊन तुलना करणं. आपला नमुना सैल कसोटीवर बीएलच्या बाबतीत 5.7 आणि लवचीकपणाच्या बाबतीत 4.9 मिमी देतो असं धरू. हे आकडे पुढे लागतील.

मिमी एका बाजूचे की दोन्ही बाजूंचे मिळून?

एक्समॅक्स साधारणपणे एका बाजूचा, म्हणजे मधल्या स्थितीपासून बाहेर किंवा आत. पण जाहिरातीत, विशेषतः गाडीतल्या सबवूफरच्या खोक्यावर, दोन्ही बाजू मिळवून आकडा छापलेला सापडतो. 'पीक-टू-पीक' किंवा नुसतं 'स्ट्रोक' दिसलं तर दोनने भागा. काहीच लिहिलेलं नसेल आणि आकडा अविश्वसनीय वाटत असेल, तरीही दोनने भागून बघा.

बीएलचा ग्राफ कसा वाचायचा?

आडव्या अक्षावर कोनचं स्थान, उभ्या अक्षावर बीएल. शून्याच्या एका बाजूला 'कॉइल आत', दुसरीकडे 'कॉइल बाहेर'. आधी बाजू कोणती ते वाचा, मगच पुढे जा. मी स्वतः एकदा ग्राफ उलटा वाचून कॉइल चुकीच्या दिशेला सरकवायचा सल्ला एका मित्राला दिला होता. तो अजून चहा पिताना आठवण करून देतो.

पहिली गोष्ट आकार. माथ्यावर सपाट पठार आणि मग कडेला उतार, तर कॉइल गॅपपेक्षा बरीच लांब आहे किंवा बरीच आखूड आहे. दोन्ही रचनांमध्ये काही अंतरापर्यंत जोर स्थिर राहतो. माथा गोलसर टेकडीसारखा असेल तर कॉइल आणि गॅप जवळपास सारख्या उंचीची आहेत, आणि जोर पहिल्याच मिमीपासून घसरायला लागतो. एक्समॅक्सचा आकडा सारखा असला तरी हे दोन ड्रायव्हर सारखे वाजत नाहीत. मध्यम आवाजात पठारवाला स्वच्छ राहतो, टेकडीवाला आधीपासूनच थोडं थोडं बिघडवत असतो. आकडा फक्त कडा सांगतो, कडेपर्यंतचा रस्ता सांगत नाही.

दुसरी गोष्ट माथा कुठे आहे. आपल्या नमुन्यात बाहेरच्या बाजूला 82 टक्के 4.6 मिमीवर येतात आणि आतल्या बाजूला 6.2 मिमीवर. रिपोर्ट कमजोर बाजूचा आकडा देतो, म्हणून 4.6. पण दोन्हींचा फरक 1.6, त्याचा अर्धा 0.8. म्हणजे कॉइल जिथे बसायला हवी होती त्याच्या सुमारे 0.8 मिमी बाहेर बसली आहे. ती नीट मध्यावर असती तर तोच माल 5.4 मिमीच्या आसपास गेला असता. मॅग्नेट मोठा करायची गरज नाही, फक्त बसवताना गेज नीट लावायचा.

मात्र ही सुधारणा नेहमी शक्य नसते. छोट्या हालचालीपासून मोठ्या हालचालीपर्यंत मध्यबिंदू तेवढाच सरकलेला दिसला तर दोष बसवण्याचा. हालचाल वाढेल तसा मध्यबिंदूही सरकत गेला तर दोष चुंबकीय क्षेत्राच्या आकाराचा. पोल पीस (कॉइलच्या आतला लोखंडी खांब) वर वाढवलेला नाही, त्यामुळे एका बाजूला क्षेत्र वेगळं पसरलंय, असं काहीतरी. तिथे कॉइल सरकवून थोडंफारच साधतं.

तिसरी गोष्ट फार कमी लोक बघतात. वाकड्या बीएलमुळे कोन वाजताना सरासरी जागेवरूनच हलतो. रेझोनन्सच्या (कोनच्या नैसर्गिक कंपनाच्या फ्रिक्वेन्सीच्या) खाली ही ढकल कॉइलला माथ्याकडे आणते, म्हणजे मदत करते. रेझोनन्सच्या वर ती उलटी होते आणि कॉइलला माथ्यापासून दूर, उतारावरून खाली लोटते. आपल्या नमुन्यात माथा आतल्या बाजूला आहे, त्यामुळे लोट बाहेरच्या बाजूला, जी आधीच कमजोर आहे. स्पायडर फार मऊ असेल तर मोठ्या आवाजात कोन बाहेरच फुगून बसलेला डोळ्यांनाही दिसतो.

आणि डॅम्पिंगही (कोनचं डोलणं आवरणंही) बीएलच्या वर्गावर चालतं. 82 टक्क्यांवर त्यातलं 67 टक्के उरतं, 70 टक्क्यांवर 49 टक्के, म्हणजे निम्मं. 'मोठ्याने लावला की बास सैल वाटतो' या तक्रारीतला काही भाग तरी इथला आहे.

सस्पेन्शनचा आकडा सगळ्यात छोटा आला. ड्रायव्हर टाकून देऊ?

थांबा, आधी बॉक्स कोणता ते सांगा.

छोट्या बंद बॉक्समध्ये कोड्यासारखी गोष्ट घडते. समजा बॉक्समधल्या हवेचा ताठपणा ड्रायव्हरच्या स्वतःच्या ताठपणाच्या दुप्पट आहे. ड्रायव्हर 1, हवा 2, एकूण 3. आता कोन 4.9 मिमीवर गेला आणि लवचीकपणा निम्मा झाला, म्हणजे ड्रायव्हरचा ताठपणा 2 झाला. एकूण 4. वाढ फक्त 33 टक्के. मोकळ्या हवेत एवढीच वाढ 3.1 मिमीवर झाली असती. म्हणजे या बॉक्समध्ये हवा स्पायडरची चूक बऱ्यापैकी झाकते आणि 3.1 ची मर्यादा 4.9 कडे सरकते. तिथे पोचेपर्यंत इंडक्टन्सची 3.9 आणि बीएलची 4.6 या मर्यादा आधी लागतात, म्हणजे आता निर्णय स्पायडरच्या हातात उरत नाही.

मोठा बॉक्स किंवा पोर्टवाला असेल तर ही सवलत नाही.

मोटर संपण्याच्या थोडं आधी सस्पेन्शन ताठ होणं मला तरी दोष वाटत नाही. तो ब्रेक आहे. मोटर 4 मिमीला थकते आणि स्पायडर 9 मिमीपर्यंत मऊच आहे, असा ड्रायव्हर मला जास्त घाबरवतो.

इंडक्टन्सच्या आकड्याकडे बघायचं का?

80 हर्ट्झला कापलेल्या सबवूफरमध्ये फारसं नाही. टू-वे (वूफर आणि ट्वीटर अशा दोन ड्रायव्हरच्या) स्पीकरमधल्या मिडबासमध्ये नक्की. कॉइल आत जाते तेव्हा तिच्याभोवती लोखंड जास्त, म्हणून इंडक्टन्स वाढतो. बाहेर येते तेव्हा घटतो. खाली बास वाजत असताना वर गायकाचा आवाज त्या तालावर डोलतो. गॅपजवळ तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची रिंग घातली की ग्राफ बराच सपाट होतो.

माझ्याकडे इम्पिडन्स मोजायचा जिग आहे. त्यावरून एक्समॅक्स काढता येईल?

नाही. तो जिग कोनला जेमतेम हलवतो. मिळणारे आकडे टेकडीच्या माथ्यावरच्या एका ठिपक्याचे असतात, उतार त्यात दिसतच नाही. पातळी वाढवून पुन्हा मोजलंत तर रेझोनन्स आणि क्यू (रेझोनन्स किती टोकदार आहे तो आकडा) सरकलेले दिसतील. काहीतरी बदलतंय एवढं कळेल, कुठवर चालेल ते नाही.

मग घरी काहीच मोजता येत नाही?

येतं, पण दोन सापळे आहेत.

हालचाल मोजायला मोबाईल पुरतो. डस्ट कॅपवर हलकी कागदी खूण चिकटवा, मागे मिमीची पट्टी उभी करा, भरपूर उजेड द्या आणि बाजूने सेकंदाला 240 फ्रेम्सच्या स्लो-मोशनने चित्रीकरण करा. 20 हर्ट्झला एका आवर्तनात 12 फ्रेम्स मिळतात. नेमकं टोक दोन फ्रेम्सच्या मध्ये पडलं तरी चूक साडेतीन टक्क्यांच्या आतच. तरीही 20 ऐवजी 19 हर्ट्झ वाजवा. 20 ला फ्रेम्स प्रत्येक आवर्तनात त्याच जागी पडतात, 19 ला सरकत जातात आणि कधीतरी टोक सापडतंच. उजेड कमी असेल तर खूण पुसट होईल आणि तुम्ही स्वतःला सोयीचा आकडा वाचाल.

दुसरा सापळा माइकचा. लोक कोनजवळ माइक ठेवून डिस्टॉर्शन मोजतात, 10 टक्के दिसले की म्हणतात हाच एक्समॅक्स. पण ध्वनिदाब विस्थापनाशी नाही तर प्रवेगाशी जोडलेला असतो. कोनच्या हालचालीत 1 टक्का दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रिक्वेन्सीचा सूर) असेल तर माइकला तो 4 टक्के दिसतो, 1 टक्का तिसरा हार्मोनिक 9 टक्के दिसतो. दोन्ही आकडे खरे, पण एकाला दुसऱ्याच्या मर्यादेशी ताडून बघू नका. शिवाय कोनला खेटून ठेवलेला स्वस्त माइक कधीकधी स्पीकरच्या आधी स्वतःच फाटतो. पातळी 10 डेसिबलने खाली आणून माइक सरळ वागतोय ना ते तपासा.

एकच सूर वाजवून काम भागत नाही हेही लक्षात ठेवा. रेझोनन्सजवळ करंट कमी असतो, त्यामुळे बीएलची घसरण एकट्या सुरात लपून राहू शकते. म्हणून क्लिपेलच्या पद्धतीत दोन सूर देतात: एक रेझोनन्सवर, दुसरा त्याच्या साडेआठपट वर, पहिला दुसऱ्याच्या चौपट जोराचा. खालचा सूर कोन हलवतो, आणि वरचा सूर किती डळमळतो ते बघायचं.

500 वॉटचा स्पीकर 100 वॉटवरच आपटतो. असं कसं?

कारण वॉटचा आकडा बहुधा कॉइल किती उष्णता सोसते ते सांगतो. एक्सकर्शन ही वेगळीच शिक्षा आहे. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या जागी (पोर्टमधली हवा ज्या फ्रिक्वेन्सीला जोरात डोलते तिथे) कोन जवळपास स्थिर असतो, पण त्याखाली हवेचा आधारच सुटतो आणि कोन मोकाट धावतो. 40 हर्ट्झला ट्यून केलेल्या बॉक्सला 25 हर्ट्झची धडक दिली तर आवाज मिळत नाही, फक्त कोन नाचतो. मिरवणुकीतल्या बासच्या बॉक्सना हाय-पास फिल्टर (फार खालचे सूर अडवणारा) न लावता वाजवणारे दर गणपतीनंतर कोन बदलायला रांगेत का उभे असतात, त्याचं हे एक कारण.

हिशेब सोपा आहे. हालचाल वॉटच्या वर्गमुळाने वाढते. 30 हर्ट्झला 100 वॉटला 8 मिमी होत असेल तर 4 मिमीसाठी 25 वॉटच परवडतात.

एक्समेक कसा ओळखायचा?

ऐकू येतो. कॉइलचा फॉर्मर (ती जिच्यावर गुंडाळलेली असते ती नळी) मागच्या प्लेटवर आपटला तर धातूसारखा कोरडा 'टक्' येतो. स्पायडर वरच्या प्लेटला टेकला किंवा सराऊंड पूर्ण ताणला तर आवाज दबका. लीड वायर कोनवर चापट मारत असेल तर फडफड, आणि ती बऱ्याचदा उगाच कॉइल घासतेय म्हणून बदनाम होते. हाताने कोन दाबून अंदाज घेणाऱ्यांनी दोन्ही हातांनी सरळ दाबावं. तिरका दाबलात तर कॉइल घासेल आणि नसलेला दोष सापडेल.

जुना झाला किंवा कोन बदलला तर आकडे तेच राहतात का?

मोटरचे जवळपास तेच, कारण लोखंड आणि मॅग्नेट वापराने थकत नाहीत. सस्पेन्शनचे नाही. स्पायडर सुरुवातीला मोकळा होतो, दमट हवेत आणखी मऊ पडतो. रिकोन केलेल्या (कोन, कॉइल, स्पायडर नवे बसवलेल्या) ड्रायव्हरला मात्र कंपनीची डेटाशीट लागू धरू नका. माझ्या एका 12 इंचीला दुरुस्तीवाल्याने मिळेल तो स्पायडर लावला. आवाज छान, पण विश्रांतीची जागाच 2 मिमी आत गेली होती. वर लिहिलेला बीएलचा सगळा हिशेब त्या 2 मिमीने पालटला.

शेवटी मला किती मिमी हवेत?

कोनच्या क्षेत्रफळासोबत विचारा. आपला साडेसहा इंची, जमिनीवर मोकळ्या जागेत, फक्त कोनच्या जोरावर, 5 मिमीला 40 हर्ट्झवर 1 मीटरवर साधारण 89 डेसिबल देतो. 530 चौरस सेंटीमीटरचा 12 इंची त्याच 5 मिमीत 101 देतो. एक सप्तक खाली, 20 हर्ट्झला, दोघेही 12 डेसिबलने घसरतात. तिथे तोच आवाज हवा तर चौपट हालचाल लागेल, आणि आपल्या साडेसहा इंचीच्या बाबतीत ती 20 मिमी भरते.